ही माझी चिंधी नाही

मिस्त्रीचं या वयात कुठेतरी जुळलंय, ही बातमी गल्लीत पहिल्यांदा फोडली ती इस्त्रीवाल्याने. त्याचं टेबल मिस्त्रीच्या दुकानाच्या अगदी समोर, आणि इस्त्री करणाऱ्या माणसाचे हात गुंतलेले असले तरी डोळे दिवसभर मोकळेच असतात. त्याने पाहिलं ते असं. रोज दुपारी तीनच्या ठोक्याला मिस्त्री दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढतो. मग बाहेरून दिसतात ते फक्त त्याचे पाय, आणि ऐकू येतो त्याचा आवाज. एरवी ज्याच्या तोंडातून शब्द पकडीने ओढून काढावे लागतात, तो माणूस त्या वेळी लोणी लावल्यासारखा बोलतो. "घाबरू नका... ऐकू येतंय मला... नाही हो, तुमची काही चूक नाही... आज राहू दे. उद्या परत, याच वेळी."

"तुमची काही चूक नाही, म्हणे!" इस्त्रीवाल्याने एका निरपराध कॉलरवर इस्त्री आपटली. "तीस वर्षांत हे वाक्य त्याने एकाही गिऱ्हाइकाला ऐकवलेलं नाही. पलीकडे बाई आहे. लावा पैज."

पैज कुणी लावली नाही, कारण सगळ्यांना तेच वाटत होतं. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंनी पुरावा जोडला की मिस्त्रीने चष्मा नवा केलाय. आणखी कुणी म्हणालं, दाढीसुद्धा आता रोजची झालीय. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, साठीला दोन कमी. त्याचं जुळलं असेल तर जुळो बापडं, असं तोंडाने म्हणत सगळे मनातून तीन वाजायची वाट पाहू लागले.

आता हे प्रकरण नीट समजून घ्यायचं तर थोडं मागे जायला हवं.

मिस्त्री म्हणजे शिलाई मशीनचा मिस्त्री. दुकान जिन्याखालचं. सरळ उभं राहिलं तर डोकं आपटतं, म्हणून गिऱ्हाईक आपोआप वाकून आत येतं आणि मिस्त्रीला उगाच मान मिळतो. आत आठ-दहा मशीनं, प्रत्येकाच्या चाकाला मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधलेली, खिळ्यांवर चामड्याचे पट्टे, डब्यांत स्क्रू आणि शटल, आणि सगळ्यावर मशीनच्या तेलाचा वास. चाक एकदा फिरवलं की मशीनचं कुठे दुखतंय ते त्याला कानाने कळायचं. माणसांच्या बाबतीत मात्र कान बंद. माणसांशी बोलायचं खातं बायकोकडे होतं. ती दाराशी स्टुलावर बसून गिऱ्हाइकाचं सगळं गाऱ्हाणं ऐकायची आणि आत हाक मारून त्याचा सारांश द्यायची: "अहो, दोरा तुटतोय म्हणे. सुनेशीही पटत नाहीये, पण ते काम आपल्याकडे नाही."

मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरी निघाली तेव्हा जाताजाता तिने बापाच्या फोनवर 'टाकेघर' उघडून दिलं. "बाबा, माणसांशी नाही तर नाही, मशीनवाल्यांशी तरी बोलत जा."

टाकेघर हे इंटरनेटवरचं एक चर्चामंडळ. जुनी, पायाची किंवा हाताची मशीनं अजून चालवणारी चारेकशे माणसं तिथे जमायची. घरी शिवणाऱ्या बायका, दोन-चार शिंपी, हौशी म्हातारे, एक निवृत्त पोस्टमन, आणि बटणआजी. बटणआजींचं नाव पडलं त्यांच्या बटणांच्या दुकानावरून. वय ऐंशीच्या घरात, जीभ विशीतली. मंडळात कुणीही प्रश्न विचारावा, ज्याला येईल त्याने उत्तर द्यावं. पण एक रीत होती, आणि ती मोडायची कुणाची छाती नव्हती. 'जमलं, आभारी आहे' असं नुसतं लिहून सुटका नाही. मशीन चालू झालं की कापडाच्या तुकड्यावर एक टीप मारायची, त्या चिंधीचा फोटो काढायचा आणि आपल्या प्रश्नाखाली टाकायचा. चिंधी आली की प्रश्न बंद. तोवर तो उघडा, आणि उघड्या प्रश्नाखाली दर आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी येऊन विचारणारच: "झालं का?" दोन वर्षं उलटली तरी विचारणार. बटणआजींनी एकाला अकरा वेळा विचारलं, तेव्हा त्याने कंटाळून नवीन मशीन घेतलं आणि त्याची चिंधी टाकली. आजींनी ती ओळखली आणि परत पाठवली.

मिस्त्री या मंडळाचा कारभारी झाला तो गप्प बसण्याच्या जोरावर. भांडणात पडत नाही म्हणून सगळ्यांना चालला. ज्यांना फोटो चढवता येत नसे त्या आजी-आजोबांच्या चिंध्या त्याच्या फोनवर यायच्या, आणि तो त्या ज्याच्या-त्याच्या प्रश्नाखाली लावायचा. असं करताकरता त्याला माणसं टाक्यांवरून ओळखू यायला लागली. बटणआजींची टीप बारीक, ताठ, शेवटी तीनदा उलटी मारून पक्की केलेली. पोस्टमनची मध्येच डावीकडे भटकणारी, आणि मग एकदम पत्ता आठवल्यासारखी परत येणारी. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचं तोंड न आठवणाऱ्या मिस्त्रीला न पाहिलेल्या चारशे माणसांचे हात पाठ होते.

बायको गेली तेव्हा त्याने मंडळात एक ओळ लिहिली: 'दहा दिवस उत्तर देऊ शकणार नाही.' कारण मुलीने कळवलं. दुसऱ्या दिवसापासून फोटो यायला लागले. पांढऱ्या कापडावर काळ्या दोऱ्याची एक टीप, खाली काही न लिहिता. एकशे बारा आले. सांत्वनाला आलेल्या नातेवाइकांपुढे मिस्त्रीने तोंड उघडलं नव्हतं, ते फोटो पाहताना तो मुलीला म्हणाला, "पोस्टमनने बघ, सरळ मारलीय." आणि मग रडला.

त्यानंतर त्याचं घर कुठलं, हे तुम्हीच ठरवा.

गडबड सुरू झाली ती एका साध्या निरोपाने. टाकेघर ज्याच्या कम्प्युटरवर नऊ वर्षं फुकट चालत होतं त्या गृहस्थाने कळवलं की आता जमणार नाही, महिनाअखेर सगळं बंद होईल. लोकांचे चेहरे उतरले. तेवढ्यात शेजारच्या 'मोटारघरा'तून बोलावणं आलं. तेही मशीनवाल्यांचंच मंडळ, पण कारखान्यांतलं. मोटारीची मशीनं, मिनिटाला हजारो टाके. त्याचा चालक एका कपड्यांच्या कारखान्यात देखभालीचं काम बघायचा. सगळे त्याला फोरमन म्हणत. चाळिशीतला, घाईतला, पण माणूस सरळ. त्याने मिस्त्रीला फोन केला.

"दादा, या सगळे आमच्याकडे. जागा भरपूर आहे. फक्त एक करा. उघडे प्रश्न आणू नका. आमच्याकडे उघडा प्रश्न म्हणजे थांबलेली लाइन. बंद झालेले सगळे आणा. उघडे किती आहेत?"

"तेवीस."

"मग राहू द्या की! ज्यांना गरज आहे ते परत विचारतील."

बोलणं काही वावगं नव्हतं. मिस्त्रीने ते मंडळात ठेवलं आणि बटणआजी उसळल्या. त्यांनी लिहिलं: 'तेवीस माणसं दाराशी उभी आहेत आणि आपण सामान उचलून मागच्या दाराने जायचं? मी नाही येणार. ते आले तर मी येईन.' त्यांच्याखाली साठ-सत्तर जणांनी लिहिलं, 'आजी म्हणतील तसं.'

म्हणजे फोरमन उघडे घेईना, आजी उघडे सोडेनात, आणि महिना संपायला पाच दिवस. तेविसावा प्रश्न त्याच आठवड्यातला; तो सोडून मिस्त्रीने बाकी बावीस जणांना विचारलं, झालं का? चौघांनी कळवलं, मशीन चालतंय, चिंधी टाकू कधीतरी. बाकी अठरा गप्प. कुणी कंटाळले असतील, कुणी मशीन काढून टाकलं असेल, कुणी स्वतःच निघून गेले असतील. गप्प माणसाचं कारण कसं कळणार? तो स्वतः आयुष्यभर गप्प होता, तरी त्याला ते सांगता आलं नसतं.

त्या रविवारी सकाळी मिस्त्री पिशवी घेऊन बाहेर पडला आणि शिंप्यांची दुकानं फिरला. "जरा तुकडे द्या. रंगीबेरंगी असू देत." एका शिंपिणीने डोळे मिचकावून विचारलं, "काय मिस्त्री, गोधडी शिवताय का कुणासाठी?" तो कानापर्यंत लाल झाला आणि फुलाफुलांचा तुकडा आधी उचलला.

दुकानात परत येऊन त्याने दार लावून घेतलं आणि तेवीस चिंध्या शिवल्या. एकाच मशीनवर नाही. दुरुस्तीला आलेल्या सगळ्या मशीनांवर आळीपाळीने, म्हणजे टाके वेगळे दिसावेत. पोस्टमनचा प्रश्नही उघड्यांत होता. त्याच्यासाठी डावीकडे भटकणारी टीप मारली. एका उतावीळ बाईसाठी लांबलांब टाके घातले आणि शेवटचा दोरा न कापता लोंबता ठेवला. ज्यांचा हात ठाऊक नव्हता त्यांना आपल्या मनाने एकेक हात दिला. त्यांत 'तिसरा मजला' नावाने लिहिणारी एक नवी बाई होती. तिने त्याच आठवड्यात विचारलं होतं की मशीन टाके सोडतं, काय करू? मिस्त्रीनेच तिला उत्तर दिलं होतं. मशीन उभं असताना समोरून पाहिलं तर सुईची सपाट बाजू उजवीकडे ठेवा, म्हणून. तिच्यासाठी त्याने निळ्या कापडावरचा पांढरा ठिपका निवडला आणि सुरेख, सरळ टीप मारली. बाई नीटनेटकी असावी असं तिच्या लिहिण्यावरून वाटलं होतं.

काम इतकं मन लावून केलं की दुपारी तो जेवायला विसरला. खोटेपणाचा विचार मनात आला नाही असं नाही, पण तो टाके मोजताना आला आणि टाके मोजण्यातच राहिला.

सोमवारी तेवीसही प्रश्न बंद. बटणआजींनी लिहिलं: 'तेवीसच्या तेवीस! माझी माणसं काय वाटली तुम्हाला!' फोरमनने फोन करून सांगितलं, "दादा, तुमच्या लोकांना मानलं." मिस्त्रीने "हं" म्हटलं. त्याचं "हं" नेहमीसारखंच होतं, म्हणून कुणाला काही कळलं नाही.

लोक एकत्र आले खरे, पण भांडी वेगळी राहिली. नाव काय ठेवायचं यावर आठवडा गेला. शेवटी 'मशीनघर' ठरलं, म्हणजे दोघांनाही सारखंच न आवडणारं. टाकेघरवाल्यांना प्रश्न विचारायचा तर आधी मशीनची कुळकथा सांगायची सवय. एका काकूंनी सुरुवात केली, 'हे मशीन माझ्या सासूबाईंचं, त्या फार कडक होत्या...' त्यावर कारखान्यातल्या एकाने लिहिलं, 'काकू, मशीनला काय होतंय ते लिहा. सासूला काय होत होतं ते नको.' काकूंनी उत्तर दिलं, 'दोघींना एकच होत होतं. आवाज फार.' त्या दिवशी दोन्ही बाजू हसल्या. रोज हसल्या नाहीत. चिंधीचा फोटो पडला की कुणीतरी टोमणा मारायचं, 'काकू, इथे प्रश्न सुटल्याची हिरवी खूण आहे. ती दाबा. धुणं वाळत घालू नका.' जुन्यांना चिंधीवाले हे नाव पडलं. चिंधीवाल्यांनी त्यांना घाईवाले नाव ठेवलं. आणि 'झालं का?' विचारणं हळूहळू थांबलं, कारण हिरवी खूण असलेल्या प्रश्नाकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे.

हाच तो भाग जो मिस्त्रीच्या लक्षात यायला हवा होता. आला नाही.

पाचव्या महिन्यात एका दुपारी मशीनघरात नवं लिखाण दिसलं. 'तिसरा मजला' या नावाने.

'नमस्कार. मी टाकेघरात विचारलं होतं, मशीन टाके सोडतं म्हणून. उत्तर आलं तसं केलं, तरी तसंच. मग वाट पाहिली. तिथे सगळे "झालं का" विचारतात असं ऐकलं होतं, मला कुणी विचारलं नाही. आज शोधलं तर माझ्या प्रश्नावर हिरवी खूण आहे आणि खाली एक चिंधी आहे. ही माझी चिंधी नाही. असलं ठिपक्यांचं कापड माझ्या घरात नाही, आणि इतकी सरळ टीप मला येत नाही. नोकरी गेल्यावर घरी शिवणकाम घेईन म्हणून हे जुनं मशीन घेतलं होतं. पाच महिने ते बंद आहे. काय करू? नंबर खाली देते. दुपारी तीननंतर घरी असते.'

तिच्याखाली संध्याकाळपर्यंत दोनशे चौदा उत्तरं आली. मशीन कसं दुरुस्त करायचं हे त्यांतल्या एकातही नव्हतं.

कारखानावाले म्हणाले, बघा तुमच्या चिंधीचा पुरावा. चिंधीवाले जुने प्रश्न उघडून पाहू लागले आणि एकेक सापडत गेलं. पोस्टमनने लिहिलं: 'माझं मशीन मी दोन वर्षांपूर्वी भाचीला दिलं. पण ही चिंधी पाहून मला स्वतःलाच शंका आली. हात माझाच आहे.' बटणआजींनी सरळ बोट दाखवलं: 'उघडे प्रश्न कुणाला नको होते? घाई कुणाला होती? ज्याच्या हातात किल्ल्या त्यानेच ही कामं केली.' किल्ल्या म्हणजे फोरमनच्या; सामान हलवायचं म्हणून शेवटच्या आठवड्यात टाकेघराच्याही त्याच्याकडेच होत्या. मग जे फोरमनच्या नावाने लिहिलं गेलं ते इथे सांगण्यासारखं नाही. त्याच्या बायकोनेही ते वाचलं, एवढं सांगितलं तरी पुरे.

मिस्त्री ते सगळं दुकानात बसून वाचत होता. समोर एक मशीन उघडं पडलं होतं आणि हातातला स्क्रू त्याने अर्धा तास बसवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी फोरमनचा फोन आला. आवाज थकलेला.

"दादा, माझ्याकडे सगळं दिसतं. कुठला फोटो कुणी चढवला, किती वाजता. तेवीसही, एकाच रविवारी, एकाच फोनवरून."

मिस्त्रीने समोरच्या मशीनचं चाक उलटं फिरवलं.

"मी कुणाला काही बोलणार नाही. आजींचा तुमच्यावर जीव आहे, मला ठाऊक आहे. तुम्हीच बोला. एक ओळ लिहा. मी थांबतो."

"बघतो," मिस्त्री म्हणाला.

फोरमन आठ दिवस थांबला. मिस्त्रीने ती एक ओळ रोज लिहिली आणि रोज पुसली. 'चिंध्या मी शिवल्या.' चारही नाही, तीन शब्द. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लहान काम होतं ते. पण ते लिहिलं की एकशे बारा काळ्या टिपा कुणी पाठवल्या होत्या ते आठवायचं, आणि त्यांतली एकेक आपल्या तेव्हाच्या ओळीखालून परत निघून जाताना दिसायची. नवव्या दिवशी फोरमनने मशीनघराची किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली आणि तो निघून गेला. जाताना कुणाचंही नाव घेतलं नाही. लोक म्हणाले, बघा, गुन्हा कबूल केला.

बटणआजी साठ-सत्तर जणांना घेऊन बाहेर पडल्या आणि त्यांनी नवं टाकेघर उघडलं. दारावरच नियम: चिंधी स्वतःच्या हाताची. त्यांनी मिस्त्रीला फोन केला.

"अहो कारभारी, खुर्ची पुसून ठेवलीय. कधी येताय?"

"बघतो."

"बघता काय? त्या फोरमनच्या घरात राहायचंय का तुम्हाला? जिथे आपल्या माणसांच्या नावाने खोटं शिवलं गेलं?"

"तसं नाही आजी."

"मग कसं?"

आजी ऐकायला तयार होत्या. बराच वेळ त्या फोन धरून थांबल्या. पलीकडून फक्त कुठल्यातरी मशीनच्या चाकाची कुरकुर ऐकू आली.

"बरं," आजी शेवटी म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातली विशी त्या एका शब्दात उतरली. "मला वाटलं होतं तुम्ही आमचे आहात."

नव्या टाकेघरात लोक म्हणू लागले की मिस्त्री तिकडचा झाला. मशीनघरात म्हणू लागले की हा चिंधीवाल्यांचा कान आहे. ज्या माणसाने आपली माणसं एकत्र राहावीत म्हणून दिवसभर उपाशी बसून शिवलं, त्याला आता दोन दारं होती आणि आत शिरायला एकही नव्हतं.

मग एक दिवस त्याने बाईचं लिखाण परत उघडलं. दोनशे चौदा उत्तरांखाली तिचा नंबर तसाच पडला होता. त्याने दुपारचे तीन वाजू दिले, शटर अर्ध्यावर ओढलं आणि फोन लावला.

"मी मंडळातला एक मिस्त्री. तुमच्या मशीनचं विचारायचं होतं."

पलीकडे बाईने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, "अहो, तुम्ही पहिले. बाकी सगळे चोर शोधतायत."

त्याने तिला फोन मशीनजवळ ठेवून चाक हळू फिरवायला सांगितलं. तो कान लावून ऐकत राहिला. पहिल्या दिवशी शटल काढून साफ करायला लावलं. दुसऱ्या दिवशी बॉबिन तपासलं. तिसऱ्या दिवशी दोऱ्याचा ताण. बाई घाबरट होती; स्क्रू हातातून पडला की तिला वाटे आता सगळं संपलं. "तुमची काही चूक नाही," तो रोज सांगायचा, आणि यापेक्षा खरं वाक्य त्याने आयुष्यात उच्चारलं नव्हतं. ती भागांचे फोटो पाठवायची. ते नीट दिसेनात म्हणून त्याने चष्मा बदलला. दिवसामागून दिवस गेले. त्याने तिला सगळं मशीन खोलायला लावलं, फक्त सुईबद्दल विचारलं नाही. सुईचं तर त्याने स्वतःच सांगितलं होतं. जिथे आपण स्वतः हात लावलेला असतो ती जागा सोडून माणूस बाकी सगळीकडे दोष शोधतो, आणि मिस्त्री शेवटी माणूसच.

दहाव्या दिवशी तिने सहज म्हटलं, "दोरा डावीकडून ओवायचा असतो ना हो? माझ्या मशीनला उजवीकडून ओवता येतो, डावीकडून येतच नाही. सुईच्या वरची दोरा अडकवायची कडी उजवीकडे आहे."

मिस्त्रीने डोळे मिटले. दोरा ज्या बाजूने ओवायचा, सुईची सपाट बाजू त्याच्या उलट. शिकाऊ माणसालाही ठाऊक असलेली गोष्ट. त्याच्याकडे येणारी जवळजवळ सगळी मशीनं डावीकडून ओवायची, म्हणून त्याने न विचारता 'उजवीकडे' लिहून टाकलं होतं. तो प्रश्न उघडा राहिला असता, तर बटणआजींनी आठ-पंधरा दिवसांत येऊन विचारलं असतं, झालं का? आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी मिस्त्रीची चूक काढून त्याची टर उडवली असती, आणि बाईचं मशीन चाललं असतं.

"उद्या करू," तो कसाबसा म्हणाला.

अकराव्या दुपारी तिने सुई काढून सपाट बाजू डावीकडे करून बसवली. चाक फिरलं. मिस्त्रीला फोनवर टाके ऐकू आले, एकेक, न चुकता, जसे पडायला हवे तसे. बाईने टीप शेवटपर्यंत मारली. मग हसली, मग बहुतेक रडली.

"माझी चिंधी कुठे टाकू?" तिने विचारलं. "मशीनघरात, की आजींच्या तिकडे?"

"आजींच्या तिकडे टाका. त्या विचारतील."

"आणि तुमचं नाव लिहू ना? काय म्हणू?"

"राहू द्या."

"मला एक सांगा हो," ती म्हणाली, "माझ्या नावाने ती ठिपक्यांची कुणी टाकली असेल? मी खूप विचार केला. राग नाही आलाय. फक्त कळत नाही, कुणाला काय मिळालं असेल?"

अर्ध्या शटरखालून समोरचं टेबल दिसत होतं. इस्त्रीवाला एक बाही चौथ्यांदा इस्त्री करत कान देऊन उभा होता. मिस्त्रीने तोंड उघडलं. फोनच्या पलीकडे बाई थांबली होती, जसा फोरमन थांबला होता, जशा आजी थांबल्या होत्या.

"कोण जाणे," मिस्त्री म्हणाला.

बाराव्या दिवशी तीन वाजता शटर सताड उघडं राहिलं. इस्त्रीवाल्याला राहवेना. तो दोन कप चहा घेऊन वाकून आत आला, स्टुलावर बसला आणि डोळे बारीक करून म्हणाला, "काय मिस्त्री? झालं का?"

मिस्त्रीने कप घेतला, बाजूला ठेवला आणि तो चाकांवरच्या चिठ्ठ्या सरळ करू लागला. इस्त्रीवाल्याने बाहेर जाऊन जाहीर केलं की तुटलं.

तुटायला काही जुळलेलं नव्हतं. मिस्त्री अकरा दुपारी फोनवर जिचं मशीन दुरुस्त करत होता, त्या बाईला त्याने कधी पाहिलं नाही. तिला सुईची दिशा चुकीची त्यानेच सांगितली होती आणि तिच्या नावाची चिंधीही त्यानेच शिवली होती.  यातलं काहीच त्याने तिला सांगितलं नाही.